गाडीच्या एसीची कूलिंग कॉइल लीक आहे म्हणतात. आख्खा डॅशबोर्ड उतरवावाच लागतो का?

घाटमाथा

गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर. वापर पुण्यात, अधूनमधून कोकणात. मार्चमध्ये एसीचा गॅस भरला आणि मे अर्धा होईतो व्हेंटमधून नुसता पंखा.

दोन गॅरेजांची दोन मतं पडली आहेत. एक म्हणतो, "कूलिंग कॉइल गेली, डॅशबोर्ड पूर्ण खाली घ्यावा लागेल, गाडी दोन दिवस सोडा." दुसरा म्हणतो, "ग्लव्ह बॉक्स काढून कॉइलच्या डब्याला आतून खिडकी कापतो, संध्याकाळी घेऊन जा." कॉइलची किंमत दोघांकडे साधारण सारखीच, मजुरीत जमीन-अस्मानाचा फरक. आणि कॉइल (डॅशबोर्डमागची, हवा गार करणारी जाळी) अजून कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही. बॉनेट उघडून पाइपांना साबणाचं पाणी लावलं, कुठे बुडबुडा दिसला नाही, म्हणून "मग कॉइलच" असा निकाल.

विचारायचं असं: लीक कॉइलमध्येच आहे हे डॅशबोर्ड न उतरवता नक्की कसं करायचं? कापून काम होत असेल तर कापायला काय हरकत आहे? आणि उतरवायचाच झाला तर सोबत आणखी काय बदलून घ्यावं, कुठे काय बिघडतं?

---

नळीतला_गॅस

आधी लीक सिद्ध करा, मग पाना हातात घ्या. "बाहेर कुठे सापडत नाही म्हणजे आत आहे" हे अनुमान झालं. डॅशबोर्ड उतरवल्यावर कॉइल धडधाकट निघाली तरी मजुरी द्यावीच लागते.

नुसतं गेज लावून दाब पाहणं पुरेसं नाही. गाडी बंद असताना आर-१३४ए चा (एसीतल्या गॅसचा) दाब तापमानावर ठरतो, किती गॅस उरलाय यावर नाही. ३० अंशांना साधारण ९५ ते १०० पीएसआय, ३५ अंशांना ११५ च्या आसपास. सिस्टीममध्ये द्रवरूप गॅस थोडासा जरी शिल्लक असेल तरी गेज हेच आकडे दाखवणार. म्हणून मशीनवर गॅस पूर्ण काढून घ्यायचा आणि त्याचं वजन करायचं. बॉनेटखालच्या स्टिकरवर भरायचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. फरक किती आणि तो किती दिवसांत पडला, हे कळलं की लीक केवढा आहे ते कळतं.

मग गॅस परत भरून शोध. क्रम असा ठेवा: दोन्ही सर्व्हिस पोर्टच्या (गॅस भरायच्या तोंडांच्या) आतले व्हॉल्व्ह (टोपी काढून थेंबभर साबणपाणी), कॉम्प्रेसरच्या पुलीमागची शाफ्ट सील, कंडेन्सरचा (गाडीच्या तोंडाशी असलेल्या, गॅस थंड करणाऱ्या जाळीचा) खालचा अर्धा भाग जिथे दगड लागतात, पाइपांचे सगळे जोड. पोर्टचा व्हॉल्व्ह सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा विसरला जाणारा. टोपीच नसेल तर पहिला संशय तिथेच घ्या.

कॉइलसाठी इलेक्ट्रॉनिक लीक डिटेक्टर लागतो. एसी दहा-पंधरा मिनिटं चालवा, गाडी बंद करा, ब्लोअरही बंद, काचा बंद, आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. आर-१३४ए हवेपेक्षा जड, तो डब्याच्या तळाशी साठतो आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या ड्रेन पाइपातून खाली उतरतो. डिटेक्टरचं टोक त्या पाइपाच्या तोंडाशी धरा, पाण्यात बुडवू नका. दुसरी जागा म्हणजे ब्लोअरचा रेझिस्टर (पंख्याचा वेग ठरवणारा भाग) काढल्यावर दिसणारं भोक. दोन्हीकडे, दोनदा ओरडला तरच खरं माना. डॅशबोर्डचं पॉलिश, परफ्यूम, काच पुसायचा स्प्रे यांनाही बरेच डिटेक्टर ओरडतात, तेव्हा आदल्या दिवशी गाडी "चकाचक" करून आणू नका.

यूव्ही डाय टाकला असेल तर ड्रेनच्या तोंडाशी निळा दिवा मारून पिवळा-हिरवा डाग दिसतो का ते पाहा. पण डाय तेलाबरोबर फिरतो, लीक बारीक असला तर दिसायला काही आठवडे लागतात.

शंभर टक्के पुरावा हवा असेल तर फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) दोन्ही पाइप सोडवायचे, कॉइलच्या बाजूला अडॅप्टरची प्लेट लावायची आणि फक्त कॉइलमध्ये १५० पीएसआय नायट्रोजन भरून तासभर ठेवायचा. बाटलीला रेग्युलेटर असलाच पाहिजे. गाडी तेवढ्या वेळात तीन-चार अंश थंड झाली तर दीड-दोन पीएसआय आपोआप उतरतो, तो लीक नव्हे. २० पीएसआय उतरला तर मग बोलायलाच नको. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं.

आणि "व्हॅक्यूम धरला, म्हणजे लीक नाही" असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत फार तर १४ पीएसआयचा जोर येतो. गाडी उन्हात उभी असताना आतून बाहेर शंभराहून जास्त असतो. मोठं भोक व्हॅक्यूममध्ये कळतं, सुईच्या टोकाएवढं कळत नाही.

---

मंजिरी_आर

वरच्यात एक भर. कॉइलमधला लीक गाडी चालू असताना कमी आणि उभी असताना जास्त वाहतो. एसी चालू असला की कॉइलमधला दाब ३० पीएसआयच्या आसपास असतो, बंद केला की दोन्ही बाजू सारख्या होऊन तोच शंभरावर जातो. म्हणून आठवडाभर उन्हात उभी राहिलेली गाडी जास्त गॅस घालवते. "मी तर एसी वापरतच नाही, मग गॅस गेला कसा" याचं उत्तर यातच आहे.

पायाखालचं कार्पेट ओलं होतंय म्हणून कॉइल फुटली असं समजू नका. ते ड्रेन तुंबल्याचं लक्षण. कॉइलमधून पाणी गळत नाही, गॅस गळतो. पाणी गोडसर वासाचं, चिकट असेल तर तो कूलंट, म्हणजे हीटर कोर (गरम कूलंटने हवा तापवणारी जाळी).

---

घाटमाथा

धन्यवाद. मशीनवर गॅस काढला, १४० ग्रॅम निघाला, स्टिकरवर ४०० आहे. डिटेक्टर ड्रेनपाशी दोन्ही वेळा ओरडला, रेझिस्टरच्या भोकातही. पोर्ट, कंडेन्सर, जोड स्वच्छ. म्हणजे कॉइलच. आता कापायचं की उतरवायचं?

---

सातारी_स्पॅनर

आधी तुमच्या गाडीचा डबा कसा आहे ते पाहा. जुन्या छोट्या गाड्यांत ब्लोअर, कॉइल आणि हीटर असे तीन वेगळे डबे एका ओळीत बसवलेले असायचे. त्यात ग्लव्ह बॉक्स, त्यामागची पट्टी आणि दोन-तीन नट काढले की मधला कॉइलचा डबा सरळ बाहेर येतो. डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही. तुमची तशी असेल तर दोन्ही गॅरेजं चुकीचं सांगताहेत. पण २०१३ ची आहे म्हणजे बहुतेक सगळं एकाच डब्यात असणार, आणि तो डबा डॅशबोर्डमागच्या लोखंडी आडव्या बीमच्या आत अडकलेला. मग तो बीम हलवल्याशिवाय गत्यंतर नाही.

कापण्याबद्दल. काही डब्यांवर कापायची रेषा साच्यातच दिलेली असते आणि नंतर बसवायला झाकण मिळतं. तिथे बिनधास्त कापा. रेषा नसेल तर पुढचे प्रकार होतात. कटरच्या पात्याला पलीकडचं काही दिसत नाही, पाठीमागे वायरिंगचा जुडगा किंवा खुद्द नवी कॉइल लावायची जागाच कापली जाते. प्लॅस्टिकचा भुसा ब्लोअरच्या पंख्यात जातो आणि खरखर कायमची. कापलेला तुकडा सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम टेपने चिकटवतात. कॉइलच्या बाजूला तापमान रोज शून्याजवळून चाळिशीपर्यंत खालीवर होतं, दोन पावसाळ्यांत टेप सुटते. सुटली की थंड हवा ग्लव्ह बॉक्समागे जाते आणि तिथल्या गरम दमट हवेत बाहेरून पाणी सुटतं. ते पाणी ठिबकतं नेमकं फ्यूज बॉक्सवर किंवा कंट्रोल युनिटवर, कारण बहुतेक गाड्यांत ती त्याच कोपऱ्यात असतात.

शिवाय खिडकीतून कॉइल आत सरकवताना तिचे पातळ फिन घासून दुमडतात आणि तळाचा फोम नीट बसत नाही. फोम नसला की हवा कॉइलला वळसा घालून जाते. गॅस बरोबर, दाब बरोबर, तरी गार होत नाही, असा दोष शोधायला नंतर महिना जातो.

माझं मत: रेषा नसेल तर कापू नका. गाडी वर्षभरात विकायची असेल तर गोष्ट वेगळी, पण मग घेणाऱ्याला सांगून विका.

---

डेट्रॉइटवासी

कॉइलपेक्षा मजुरी जास्त का, याचं उत्तर कारखान्यात आहे. असेंब्ली लाइनवर डॅशबोर्ड, लोखंडी बीम, एसीचा डबा, वायरिंग, स्टीअरिंग कॉलम असं सगळं बाजूला आधीच जोडून एकच गठ्ठा तयार होतो. यांत्रिक हाताने तो दाराच्या चौकटीतून आत सरकवतात, दोन्ही बाजूंनी बोल्ट, झालं. लाइनवर हे काम मिनिटभराचं असतं. कॉइल त्या गठ्ठ्याच्या पोटात सगळ्यात आधी बसलेली, म्हणून काढताना सगळ्यात शेवटी. जोडण्याचा क्रम ठरवणाऱ्याला दुरुस्तीचं बिल येत नाही.

असले नमुने सगळीकडे आहेत. टोयोटाच्या यूझेड मालिकेतल्या व्ही-८ इंजिनांत स्टार्टर मोटर दोन्ही सिलिंडर रांगांच्या मधल्या खोबणीत, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसवली आहे. कॅडिलॅकच्या नॉर्थस्टारमध्येही तसंच. स्टार्टर बदलायला आधी मॅनिफोल्ड उचला. आडव्या बसवलेल्या बऱ्याच व्ही-६ मध्ये मागच्या तीन प्लगसाठीही मॅनिफोल्डच काढावं लागतं. याउलट आपली ओम्नी: इंजिन पुढच्या सीटखाली, सीट उचलली की समोर.

चीड मात्र दुसऱ्या गोष्टीची येते. बऱ्याच स्वस्त मॉडेलांत केबिन फिल्टरची खाच डब्याला असते, फिल्टर मात्र कारखान्यातून येत नाही. मग पानं, धूळ, केस थेट ओल्या कॉइलवर. तो चिखल कायम दमट राहतो आणि कागदाइतकं पातळ अ‍ॅल्युमिनियम खात जातो. काही रुपयांच्या जाळीपायी दोन दिवसांचं काम.

---

दहानंबरी

आता उतरवण्याकडे येतो. प्रत्येक मॉडेलचा क्रम थोडा वेगळा असतो, सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर तेच खरं. पण जिथे लोक अडकतात त्या जागा सगळीकडे जवळपास त्याच.

गॅस मशीनमध्ये काढून घेतलेला असावा, हवेत सोडायचा नाही. पुढची चाकं सरळ, किल्ली काढलेली, बॅटरीचा निगेटिव्ह सुटा, मग किमान तीन मिनिटं थांबा (मॅन्युअलमध्ये जास्त लिहिलं असेल तर तेवढी). एअरबॅगचे कनेक्टर पिवळे असतात. त्यांना मल्टिमीटर लावायचा नाही. काढलेली एअरबॅग तोंड वर करून ठेवायची, उलटी नाही.

पुढच्या दोन्ही सीटा काढा. प्रत्येकी चार बोल्ट, अर्ध्या तासाचं काम. लोक हा अर्धा तास वाचवतात आणि नंतर सहा तास कंबर मोडून काम करतात. शिवाय बीमसकट डॅशबोर्ड बाहेर काढताना सीटच्या कडेवर घासून त्याची कातडी फाटते.

स्टीअरिंग काढायचं असेल तर मधला नट सैल करून चार आटे तसेच ठेवा, मग चाक हलवा. नट पूर्ण काढून ओढलंत तर चाक तोंडावर येतं. शाफ्टवर आणि चाकावर मार्करने खूण. क्लॉक स्प्रिंग (चाकातल्या हॉर्न-एअरबॅगला वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी) फिरू नये म्हणून लगेच टेप. काही गाड्यांत चाक न काढता आख्खा कॉलम १२ नंबरचे बोल्ट सोडून खाली सीटच्या जागी टेकवता येतो, तो मार्ग बरा. कॉलमवर हातोडी अजिबात नाही, तो अपघातात दुमडण्यासाठी बनवलेला असतो.

हँडब्रेकपासून पुढचा कन्सोल, दोन्ही बाजूंची झाकणं, ए-पिलरच्या पट्ट्या, बॉनेटची खेच, ग्लव्ह बॉक्स, स्टिरिओ, मीटर. एसीच्या गोल खुंट्या केबलवर चालणाऱ्या असतील तर केबल जिथे क्लिपखाली बसते तिथे पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. तीन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झालं की हीटरची झडप पूर्ण बंद होत नाही, आणि नवी कॉइल घालूनही हवा कोमट.

डॅशबोर्डचे लपलेले स्क्रू: ट्वीटरच्या जाळीखाली, विंडशील्डलगतच्या छोट्या झाकणांखाली, मीटरच्या पोकळीत वरच्या बाजूला, अ‍ॅशट्रेमागे. आणि सगळ्यात महागात पडणारे दोन म्हणजे डाव्या बाजूच्या एअरबॅगचे. ती डॅशबोर्डला नाही, आतल्या लोखंडी बीमला बोल्टने धरलेली असते. ग्लव्ह बॉक्सच्या भोकातून वर पाहिलं की १० नंबरची दोन डोकी दिसतात. ती विसरून डॅशबोर्ड ओढला तर तो पुढे येतो, अडतो, आणखी ओढला की एअरबॅगच्या झाकणाभोवती भेग. ती भेग चिकटवून चालत नाही, झाकण नेमक्या रेषेत फाटायला हवं असतं. तेव्हा अडलं की ओढू नका, स्क्रू शोधा.

बीमला दोन्ही टोकांना दाराच्या बाजूने बोल्ट, मध्ये जमिनीला टेकणारे पाय, अर्थच्या वायरींचे बोल्ट. बऱ्याच गाड्यांत वायपरच्या खालून एखादा नट किंवा बोल्ट थेट बीममध्ये जातो. तो आतून कधीच दिसत नाही. वायपरचे हात आणि खालची प्लॅस्टिकची पन्हळ काढली की सापडतो.

बॉनेटच्या बाजूने: एक्स्पान्शन व्हॉल्व्हवर (कॉइलमध्ये गॅस मापात सोडणाऱ्या झडपेवर) दोन पाइप धरणारा १० नंबरचा एक बोल्ट, हीटरचे दोन होज, आणि डबा फायरवॉलला धरणारे एक-दोन नट. कूलंट इंजिन गार असतानाच काढा, आणि हीटर कोरमध्ये उरलेलं पाणी एका नळीत हलकी हवा मारून दुसरीतून बाहेर घ्या. नाहीतर डबा तिरका केला की ते सगळं कार्पेटवर. पाइपांची उघडी तोंडं त्याच क्षणी टोपीने किंवा टेपने बंद. ड्रायरला (गॅसमधलं पाणी शोषणाऱ्या भागाला) हवेतली ओल आवडते.

स्क्रू एका ताटलीत टाकू नका. छोट्या पिशव्या, प्रत्येकीवर जागेचं नाव. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो आतल्या वायरिंगमध्ये घुसतो, आणि हा दोष सापडता सापडत नाही.

---

वाकडी_गोटी

फायरवॉलवरच्या त्या नटबद्दल वेगळं लिहितो, कारण दिवस तिथेच जातो. ब्रेक बूस्टर आणि इंजिनच्या मधल्या फटीत तो असतो, हात गेला तर डोळा जात नाही आणि डोळा गेला तर हात.

पाव इंची रॅचेट घ्या, दात मोजून घ्या. ३६ दातांच्या रॅचेटला पुढचा दात पकडायला १० अंश हलावं लागतं, ७२ दातांच्याला ५ अंश. त्या फटीत हात हलतो सात-आठ अंश, म्हणजे पहिला निरुपयोगी. सोबत लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट. जॉइंट लुळा पडतो, त्याला बाहेरून इन्सुलेशन टेपचे दोन वेढे द्या, मग दिलेल्या कोनात उभा राहतो आणि तरीही वळतो. मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा असेल तर नट आधी बघून घ्या.

नट गंजलेला असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा. तो ६ मिलिमीटरचा वेल्ड केलेला खुंट असतो, जोर लावला तर नट न सुटता खुंटच पत्र्यातून गरगर फिरायला लागतो. नट थोडा सुटला, जड झाला, की परत पाव फेरा घट्ट, पुन्हा तेल, पुन्हा सैल. कंटाळवाणं आहे, पण खुंट तुटला तर फायरवॉलला भोक पाडून नवा बसवावा लागतो.

बसवताना नट गोटीतून (सॉकेटमधून) गळून पडतो. गोटीत नटाभोवती कागदाचा बारीक कपटा घाला, घट्ट बसतो. सुरुवातीचे आटे रॅचेटने कधीच नाही: बोल्ट असेल तर त्याच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून बोटांनी फिरवा. आटा तिरका गेला तर नळी घसरते, रॅचेट घसरत नाही, तो आटा कापून मोकळा होतो. काम सुरू करण्याआधी खालच्या पोकळीत एक फडकं कोंबा. पडलेला नट फडक्यावर सापडतो.

---

घाटमाथा

उतरवायचंच ठरवलं. पहिल्या गॅरेजला सीटा काढायला सांगितल्या, आधी नाखूश होते. सोबत काय काय बदलू? आणि भरताना मी उभं राहून काय पाहू?

---

नळीतला_गॅस

बदलायचं:

एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, प्रश्नच नाही. कॉइलच्या तोंडावरच असतो, स्वस्त आहे. त्याचे दोन एलन बोल्ट बारीक असतात, हाताच्या जोराने तोडू नका, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. सगळ्या ओ-रिंगा नव्या, एसीसाठीच्याच (नळाच्या दुकानातल्या चालत नाहीत), बसवण्याआधी कॉम्प्रेसरचंच तेल बोटाने लावून. ड्रायर नवा. तो कंडेन्सरच्या कडेला नळीत असेल तर फक्त आतली पिशवी मिळते का ते विचारा. हीटर कोर: मूळ असेल आणि किंमत परवडत असेल तर आताच, कारण तो त्याच डब्यात आहे आणि उद्या गळला तर हीच वरात पुन्हा. ब्लोअरचा आवाज येत असेल तर तोही. झडपांवरचा फोम बोटाला काळा भुसा लावत असेल तर खरवडून नवा चिकटवा, नाहीतर तो व्हेंटमधून अंगावर उडतो. केबिन फिल्टरची खाच असेल तर झाकण उघडून फिल्टर बसवा.

कॉइलच्या फिनमध्ये एक बारीक सेन्सर टोचलेला असतो. जुनी कॉइल टाकून देण्याआधी तो कितव्या ओळीत, किती खोल होता याचा फोटो. चुकीच्या जागी टोचला तर एकतर कॉइल बर्फाने गोठते आणि अर्ध्या तासाने हवा बंद पडते, नाहीतर कॉम्प्रेसर वेळेआधी कट होत राहतो.

तेल: नवी कॉइल कोरडी येते. एका कॉइलसाठी साधारण ३० ते ५० मिली घालतात, नेमका आकडा आणि तेलाचा ग्रेड मॅन्युअल किंवा कॉम्प्रेसरच्या लेबलवर. "अंदाजे ओततो" म्हणाले तर मापाचं भांडं मागा. जास्त तेलानेही गारवा कमी होतो. (हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हे वाचत असल्यास: तुमच्या इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरला पीएजी तेल चालत नाही, पीओई लागतं. पीएजी वीज वाहून नेतं.)

व्हॅक्यूम किमान अर्धा तास, पावसाळी दिवस असेल तर पाऊण. त्यात हवा तर जातेच, पण खरा हेतू आतलं पाणी उकळवून काढणं. नंतर पंप बंद करून वीस मिनिटं काटा हलतो का ते बघा. गेजवर ३० इंच दिसायलाच हवेत असा हट्ट धरू नका. तो आकडा समुद्रसपाटीचा. पुणे साडेपाचशे मीटरवर, तिथे चांगला पंपही २८ इंचांच्या आसपास थांबतो.

गॅस वजनावर, स्टिकरवरच्या ग्रॅमइतकाच. "दोन कॅन बसतात याला" ही भाषा चालणार नाही. एका कॅनमध्ये ४५० ग्रॅम असतो आणि तुमची गाडी ४०० ची. जास्त गॅसने दाब वाढतो, गारवा नाही. सील नसलेला, नाव नसलेला कॅन नकोच. बनावट आर-१३४ए मध्ये आर-४० मिसळलेला सापडलेला आहे. तो अ‍ॅल्युमिनियमशी विक्रिया करतो आणि त्यातून तयार होणारा पदार्थ हवा लागताच पेटतो.

"लीक-स्टॉप घालून बघू, डॅशबोर्ड वाचेल" असा सल्ला कोणी दिलाच तर नको म्हणा. ओलावा लागला की घट्ट होणारी ती रसायनं एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्येही घट्ट होतात. नंतर चांगलं गॅरेज तुमची गाडी आपल्या रिकव्हरी मशीनला लावूही देणार नाही.

आणि दर दोन महिन्यांनी टॉप-अप मारत राहायचा पर्यायही सोडा. कॉम्प्रेसरला तेल गॅसबरोबर परत येतं. गॅस कमी म्हणजे तेल कमी, आणि मग बिल कॉइलचं राहत नाही, कॉम्प्रेसरचं होतं.

---

दहानंबरी

जोडतानाचं थोडं. क्लिपा मोडणारच, दहा वर्षं उन्हात भाजलेलं प्लॅस्टिक आहे. दहा-पंधरा नव्या आधीच आणून ठेवा. जिथे प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक टेकतं आणि जिथे वायरिंग बीमला घासतं तिथे कापडी टेप किंवा फेल्टची पट्टी. "डॅशबोर्ड उतरवला की गाडी कायमची खडखडते" हे म्हणतात ते या पट्ट्या न लावल्यामुळे आणि चार स्क्रू "उरल्यामुळे".

बीम आवळण्याआधी त्याच्याखाली वायर चेंगरलेली नाही ना ते हात फिरवून पाहा. क्लॉक स्प्रिंग चुकून फिरली असेल तर हलक्या हाताने एका टोकाला नेऊन, मॅन्युअलमध्ये दिलेले फेरे उलटे फिरवून बाण जुळवा. न जुळवता बसवलंत तर पहिल्या पूर्ण वळणात आतली पट्टी तुटते, हॉर्न बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू. बॅटरी जोडताना कोणीही एअरबॅगसमोर बसलेलं नसावं.

आणि गॅस भरण्याच्याही आधी, डबा जागेवर बसला, डॅशबोर्ड अजून बाहेर आहे, तेव्हा ब्लोअरच्या बाजूने अर्धा लिटर पाणी हळूहळू डब्यात सोडा. सगळं गाडीखाली पडलं पाहिजे. ड्रेनचं रबर फायरवॉलच्या भोकात बसण्याऐवजी कार्पेटमागे दुमडलेलं असतं, ही या कामातली नेहमीची चूक, आणि ती आत्ता दोन मिनिटांत सरळ होते.

---

घाटमाथा

एक शेवटची शंका. भरून झाल्यावर गॅरेजमध्येच खात्री कशावर करू? हात लावून "गार आहे" इतकंच?

---

मंजिरी_आर

थर्मामीटर न्या, साधा डिजिटल, लांब टोकाचा. बॉनेट उघडं, रीसर्क्युलेशन चालू, इंजिन १५०० आरपीएमला धरून दहा मिनिटं, टोक मधल्या व्हेंटमध्ये आतवर. बाहेर ३० च्या आसपास असेल तर ६ ते १० अंश यायला हवेत. त्याच वेळी गेज: लो साइड २५ ते ४० पीएसआय, हाय साइड पावणेदोनशे ते अडीचशे. कंडेन्सरचा पंखा चालू आहे ना ते बघा, तो बंद असला तर हाय साइड चढत जाते आणि दोष नव्या कॉइलच्या माथी मारला जातो. मग सगळ्या जोडांवर पुन्हा एकदा डिटेक्टर, आणि निघताना पोर्टच्या दोन्ही टोप्या लावल्यात का तेवढं स्वतः बघा.